कळलावी : कंद जमिनीत, कमाई बियांत

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि भोवतालचा पट्टा केळी आणि हळदीसाठी ओळखला जातो. ओलिताच्या भारी जमिनीत ही दोन्ही पिके जोमाने येतात आणि गावचे अर्थकारण त्यांच्याभोवती फिरते. शेताची हद्द संपून मुरमाड उतार सुरू झाला की मात्र पीकही बदलते आणि झाडोराही. बोरी-बाभळी, हिवर, करवंदाच्या जाळ्या, मधूनच पळस. मराठवाड्यातल्या अशाच उतारांवर आणि जुन्या कुंपणांवर आषाढात एक नाजूक वेल वर चढू लागते आणि श्रावण-भाद्रपदात पिवळ्या-तांबड्या फुलांनी डवरते. ही कळलावी.

अनेकांनी तिचे फूल पाहिलेले असते, काहींनी गौरीपुढे वाहिलेलेही असते. तरीही ही वनस्पती नेमकी काय आहे, तिच्यात विष किती आणि औषध किती, तिची शेती होते का आणि ती आपल्या भागात परवडेल का, याविषयी गावोगाव अर्धवट माहिती फिरते. कोणी म्हणते हात लावू नका, कोणी म्हणते कंद उगाळून लावा, तर कोणी एकरी लाखोंच्या उत्पन्नाची गणिते मांडतो. या सगळ्याचा एकत्र आढावा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. कळलावीबाबतचे बहुतेक नुकसान तिच्या कंदापायी होते, आणि तिची खरी बाजारकिंमत आहे बियांत.

ओळख

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनियसने १७५३ साली ते दिले. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत, आता ती कोल्चिकेसी या कुळात मोडते. मराठीत तिला वाघनखी, खड्यानाग, नागकरिया अशीही नावे आहेत. कोकणात फुलांना गौरीचे हात म्हणतात. हिंदीत ती कलिहारी, तर आयुर्वेदाच्या ग्रंथांत लांगली आणि अग्निशिखा. काही भागांत तिलाच बचनाग म्हणण्याची पद्धत आहे आणि ती घातक आहे. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा बचनाग ही हिमालयातली पूर्णपणे वेगळी वनस्पती. दोन्ही जहाल विषारी, पण दोन्हींचे विष वेगळे आणि विषबाधेनंतर शरीरात घडणारे बिघाडही वेगळे. एकाच्या नावावर दुसरीची माहिती खपवली, तर डॉक्टरांचीही दिशाभूल होते.

वेल ओळखायला सोपी आहे. पान लांबट, देठ जवळजवळ नसलेले, आणि पानाचे टोकच लांबून तणाव्यासारखे वळलेले. वेलींना सहसा आधारासाठी वेगळे तणावे फुटतात. इथे पान स्वतःच शेजारच्या काटकीला विळखा घालते आणि वेल तीन ते दहा फूट वर जाते.

फूल मात्र जवळून पाहावे असे. कळी हिरवी असते आणि मान खाली घालून लोंबते. उमलताना सहा पाकळ्या उलट्या वळून वर जातात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. पहिल्या दिवशी पाकळीचा मोठा भाग हिरवट-पिवळा असतो, मग टोकाकडून तांबडा रंग खाली उतरू लागतो आणि काही दिवसांत अख्खे फूल लालभडक होते. त्यामुळे एकाच वेलीवर हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल अशा सगळ्या अवस्थांतील फुले एकाच वेळी दिसतात. सहा पुंकेसर चारी बाजूंना पसरलेले असतात. बीजांडकोश खाली लोंबतो, पण त्यातून निघणारी परागवाहिनी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जाते. या वळणामुळे स्त्रीकेसराचे टोक पुंकेसरांपासून दूर राहते आणि त्याच फुलाचे पराग त्यावर सहजी पडत नाहीत. परागीभवनासाठी फुलपाखरे, मधमाश्या आणि शिंजिरासारखे पक्षी यावे लागतात. या एका वळणाचा शेतकऱ्याच्या खिशाशी थेट संबंध आहे. तो पुढे लागवडीच्या भागात येईल.

अधिवास आणि वर्षचक्र

आफ्रिकेचा मोठा भाग, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया हा कळलावीचा नैसर्गिक प्रदेश. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे आणि तामिळनाडूचे राज्यफूल. महाराष्ट्रात ती कोकणापासून विदर्भापर्यंत पानझडी जंगलांच्या कडेला, झुडपी माळावर, ओढ्याकाठच्या दगडगोट्यांत आणि शेताच्या कुंपणावर आढळते. मराठवाड्यातील वनस्पतींची पद्धतशीर नोंद करणारा व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा द्विखंडी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. या कोरड्या समजल्या जाणाऱ्या प्रदेशात किती विविध वनस्पती पावसाळ्याच्या चार महिन्यांत जगून घेतात, हे त्यातून कळते. कळलावीही त्यांतलीच.

तिचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. जमिनीखालचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणजे कोनात जोडलेल्या दोन फांद्यांचा असतो. फांदीच्या टोकाला डोळा असतो. पहिल्या दमदार पावसानंतर डोळा फुटून कोंब वर येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात फुले, त्यानंतर शेंगेसारखी लांबट बोंडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडे तडकून आतले नारिंगी-लाल बी दिसते. तोवर जुना कंद आटून त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो. थंडी आणि उन्हाळ्यात जमिनीवर वेलीची खूणही राहत नाही.

बियांपासूनही रोप होते, पण बी उगवायला फार वेळ घेते आणि रोपाला फुले येण्याइतका कंद पोसायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणून माळावरचा एक पोसलेला कंद कोणी उपटला, तर जागा भरून यायला काही वर्षे जातात. दरवर्षी उपटत राहिले, तर त्या कुंपणावरून वेल कायमची नाहीशी होते. आता यात आणखी भर पडली आहे. बांध जेसीबीने सपाट होतात, उरलेल्या धुऱ्यांवर तणनाशक फवारले जाते आणि जिवंत कुंपणाच्या जागी तारा येतात. कळलावीला लागणारी जागा म्हणजे नेमके हेच बांध, धुरे आणि काटेरी कुंपणे.

परंपरेतील वापर

कळलावीचा सर्वांत जुना आणि सर्वदूर पसरलेला वापर बाळंतपणाशी जोडलेला आहे. अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीवर, ओटीपोटावर किंवा तळपायांना कंदाचा लेप लावण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत होती. गाई-म्हशींची वार अडकली तरी हाच कंद वापरत. साप-विंचवाच्या दंशावर लेप, सांधेदुखीवर लेप, डोक्यातील उवांसाठी पानांचा रस, जनावरांच्या अंगावरील कीटकांसाठी पाला, असे तिचे उपयोग गावोगावचे जाणकार सांगत आले.

आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली. रुई, निवडुंगाचा चीक, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या पंक्तीला लांगली बसते. उपविष म्हणून नोंद करण्याचा अर्थच असा, की शोधन केल्याशिवाय ते औषधात घ्यायचे नाही. लांगलीचा कंद गोमूत्रात भिजवून शुद्ध करण्याची रीत ग्रंथांत दिलेली आहे, मात्रा अत्यल्प ठेवली आहे आणि गर्भवतीला ते वर्ज्य मानले आहे. शास्त्राने घेतलेली ही काळजी घरगुती वापरात मागे पडली आणि नुसता कंद हाती उरला.

परंपरेचा मान राखूनही आज स्पष्ट बोलले पाहिजे. बाळंतपण अडले, तर रुग्णालय हाच मार्ग. सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय. लेप लावण्यात गेलेला प्रत्येक तास रुग्णाच्या जिवावर बेततो.

आधुनिक औषधातील स्थान

कळलावीचे आधुनिक महत्त्व कोल्चिसीन या एका अल्कलॉइडमुळे आहे. युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडातून पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० साली ते वेगळे केले. त्याच वर्षी या जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही वेगळे केले होते. वातरक्तावर, म्हणजे रक्तात युरिक आम्ल वाढून अंगठ्याचा सांधा सुजतो त्या दुखण्यावर, कोल्चिकमचा वापर त्याआधीपासूनच होता. युनानी वैद्यकातील सुरंजान याच गटातले. पुढे कळलावीतही कोल्चिसीन असल्याचे स्पष्ट झाले आणि उष्ण प्रदेशात वाढणारा त्याचा एक मोठा स्रोत जगाला मिळाला.

कोल्चिसीन पेशीच्या विभाजनावर काम करते. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढणारे सूक्ष्म तंतू त्याच्यामुळे तयार होत नाहीत आणि विभाजन मधेच अडते. याच गुणाचा उपयोग वनस्पतिशास्त्रज्ञांनी करून घेतला. १९३७ साली ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी कोल्चिसीन वापरून वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते हे दाखवले. बाजारातले बिनबियांचे कलिंगड ज्या तंत्राने तयार होते, त्याची एक पायरी हीच.

वैद्यकातही त्याचे क्षेत्र वाढत गेले. वातरक्तासाठी ते आजही दिले जाते. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोल्चिसीनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी हृदयविकाराच्या विशिष्ट रुग्णांमध्ये झटक्याचा धोका कमी करण्यासाठी मान्य केली. पाठ-कंबरदुखीवर स्नायू सैल करण्यासाठी डॉक्टर लिहून देतात त्या थायोकोल्चिकोसाइडचे मूळही याच वनस्पतीच्या बियांत आहे. औषध कारखान्यांची मागणी मुख्यतः वाळलेल्या बियांना असते, कारण कंदाच्या तुलनेत बियांत कोल्चिसीनचे प्रमाण जास्त असते.

विषबाधा : प्रत्येक घराला ठाऊक हवे असे

कळलावीचा कोणताही भाग पोटात जाणे धोक्याचे आहे, आणि कंद व बी सर्वांत धोक्याचे. रताळे किंवा रानातला खाण्याचा कंद समजून कळलावी खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या घटना भारतात आणि श्रीलंकेत नोंदल्या गेल्या आहेत. उकडल्याने, भाजल्याने विष जात नाही. शेतात नांगरटीत वर आलेले कंद मुलांच्या हाती लागू शकतात, जनावरेही चघळू शकतात.

खाल्ल्यावर काही तासांत घशात जळजळ, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. ते पाहून अनेकांना साधी पोटाची तक्रार वाटते. एक-दोन दिवसांनंतर खरी पडझड सुरू होते. मूत्रपिंड, यकृत, हृदय, रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा यांवर घाला येतो. जे वाचतात, त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी झडू लागतात, कारण केसांच्या मुळांशी चालणारे पेशीविभाजनही थांबलेले असते. या विषावर सहज उपलब्ध असा उतारा नाही. उपचार होतात ते शरीर तगवून धरण्याचे, म्हणून वेळ महत्त्वाचा. संशय आला तरी उलट्या थांबण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा, पान किंवा बोंड रुग्णासोबत न्यावे. डॉक्टरांना त्यावरून नेमके कळते.

लागवडीचे तंत्र

देशात कळलावीची व्यापारी शेती मुख्यतः तामिळनाडूत होते. मूलनूर, धारापुरम, ओड्डनछत्रम, वेदारण्यम या भागांत शेतकरी बऱ्याच वर्षांपासून ती करतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्याने वाढवायच्या ३२ वनस्पतींच्या यादीत कलिहारीला स्थान दिले. तामिळनाडूचा अनुभव समोर ठेवून डोंगरकड्याच्या परिसराचा विचार करता येतो.

पहिला प्रश्न जमिनीचा. निचऱ्याची, तांबूस किंवा मुरमाड, हलकी ते मध्यम जमीन कळलावीला मानवते. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत कंद सडतो. म्हणजे केळीची चांगली जमीन कळलावीला वाईट. तालुक्यातले हलके, चढावरचे, खरिपात जेमतेम पीक देणारे तुकडे तिला योग्य ठरू शकतात. पाऊस पुरेसा आहे, पण पावसाळ्यातल्या उघडिपीत एक-दोन पाणी द्यायची सोय लागते.

दुसरा प्रश्न बेण्याचा. लागवड जून-जुलैत, ५० ते ६० ग्रॅम वजनाच्या निरोगी कंदांनी करतात. ६० बाय ४५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरी सुमारे १५ हजार कंद लागतात, म्हणजे वजनाने साडेसातशे ते नऊशे किलो. सगळ्या खर्चात हाच सर्वांत मोठा. कंदाचा डोळा फार ठिसूळ असतो, तो मोडला तर ती बाजू उगवत नाही. हाताळताना हातमोजे घालावेत. लावण्याआधी बुरशीनाशकाची किंवा ट्रायकोडर्माची बेणेप्रक्रिया करतात. इथे हिंगोलीच्या शेतकऱ्याचा अनुभव कामाला येतो. हळदीचे जेठे गड्डे निवडणे, बेणे सावलीत साठवणे, कंदकूज ओळखणे, गादीवाफ्यावर ठिबक चालवणे हे सगळे त्याला नवीन नाही.

तिसरा प्रश्न आधाराचा. वेल चढली नाही तर फुले कमी येतात आणि जमिनीला टेकलेला भाग कुजतो. तामिळनाडूत वाळलेल्या फांद्या, जिवंत कुंपण किंवा लोखंडी तारांचे मांडव वापरतात. एकदा उभारलेला मांडव पुढची वर्षे चालतो.

चौथी गोष्ट परागीभवनाची. परागवाहिनी बाजूला वळलेली असल्याने सगळे कीटकांवर सोपवले तर बोंडे कमी धरतात. म्हणून मजूर सकाळच्या वेळात, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला हाताने लावत जातात. फुले रोज नवी उमलतात, त्यामुळे हंगामभर हे काम रोज करावे लागते. ज्या घरात सकाळी दोन-तीन माणसे शेतात उतरू शकतात, त्या घरालाच हे पीक जमते. मोठ्या क्षेत्रावर मजुरी लावून ते करायला गेले, तर मजुरीच उत्पन्न खाते.

कीड-रोगांत कंदकूज आणि लिलीवरची अळी यांचा त्रास मुख्य. काळ्या अंगावर पांढरे व लाल ठिपके असलेली ही अळी पाने भराभर फस्त करते. सुरुवातीला हाताने वेचून नष्ट केल्यास ती आटोक्यात राहते.

पीक पाच-सहा महिन्यांचे. बोंडाची साल सुरकुतू लागली की तोडणी करतात आणि बी सावलीत वाळवतात. तामिळनाडूत हेक्टरी दोनशे ते अडीचशे किलो वाळलेले बी मिळते, म्हणजे एकरी साधारण ८० ते १०० किलो. बोंडाच्या सालीतही कोल्चिसीन असते, तीही विकली जाते. कंद जमिनीतच ठेवले तर पुढच्या मृगात पुन्हा फुटतात आणि चार-पाच वर्षे त्याच लागवडीतून बी घेता येते. पहिल्या वर्षी बेण्यावर घातलेला पैसा या पुढच्या वर्षांत वसूल होतो. पहिल्याच वर्षी कंद काढून विकणारा शेतकरी आपल्या हाताने हे गणित मोडतो.

बाजार : इथे सावध राहा

कळलावीची अडचण शेतात कमी आणि विक्रीत जास्त आहे. तिचे बी मोंढ्यात विकले जात नाही. हळदीला वसमत आणि हिंगोलीची बाजारपेठ आहे, वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, रोज भाव निघतो. केळीला व्यापारी बांधावर येतो. कळलावीला गिऱ्हाईक म्हणजे अर्क काढणारे मोजके कारखाने, त्यांचे निर्यातदार आणि मधले दलाल. खरेदीदार मोजके असले की भाव त्यांच्या हातात राहतो. एका वर्षी चढलेला दर पाहून क्षेत्र वाढते आणि पुढच्या वर्षी माल अंगावर पडतो.

महाराष्ट्राने हे सफेद मुसळीच्या बाबतीत सोसले आहे. तेव्हाही बेणे विकणाऱ्यांनी लाखोंची स्वप्ने दाखवली, महाग बेणे गळ्यात मारले आणि माल तयार झाल्यावर घेणारे गिऱ्हाईक कमी पडले. बेणे विकणारा आणि बी विकत घेणारा यांची हमी एकाच कागदावर, लेखी आणि दरासह असल्याशिवाय कळलावीत पैसा घालू नये. शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत दहा-वीस जणांनी मिळून थोडे-थोडे क्षेत्र घेतले, तर एकगठ्ठा माल होतो आणि सौद्यात थोडा जोर येतो. बियांची प्रयोगशाळेत तपासणी करून कोल्चिसीनचे प्रमाण कागदावर असले, तर भाव ठरवताना शेतकरी आंधळा राहत नाही.

डोंगरकड्यासाठी निष्कर्ष

या भागाने काय करावे, याचे उत्तर तीन पातळ्यांवर देता येते.

एक, शेतीच्या पातळीवर. केळी किंवा हळदीला पर्याय म्हणून कळलावी पुढे करणे चूक ठरेल. हलक्या जमिनीचा दोन-चार गुंठ्यांचा तुकडा, घरची माणसे आणि आधी ठरलेला खरेदीदार, एवढे असेल तर प्रयोग करण्याजोगा आहे. याच तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. आपल्या जमिनीत कंद किती टिकतो, बोंडे किती धरतात, बियांत कोल्चिसीन किती भरते, या तीन गोष्टी स्थानिक चाचणीतून पुढे आल्या, तरच शेतकऱ्याला भरवशाचा सल्ला मिळेल. तामिळनाडूचे आकडे इथे जसेच्या तसे लागू धरता येणार नाहीत.

दोन, संवर्धनाच्या पातळीवर. लागवडीचे बेणे लागवडीतूनच यावे, माळावरून खणून आणलेले नको. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. कळलावी कोणत्या धुऱ्यावर, कोणत्या टेकडीवर उगवते, हे त्या नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. गुराखी, शेळ्या चारणारे आणि निंदणीला जाणाऱ्या बाया यांना ते नेमके ठाऊक असते. त्यांना विचारूनच ती नोंद होऊ शकते.

तीन, आरोग्याच्या पातळीवर. शाळेच्या आवारात, अंगणवाडीत, आशाताईंच्या बैठकीत या वेलीचे चित्र दाखवून सांगितले पाहिजे की फूल पाहा, पण कंद आणि बी तोंडात घालू नका, आणि बाळंतपणात तिचा वापर करू नका. मुलांना फूल ओळखता आले, तर विषबाधेच्या निम्म्या वाटा तिथेच बंद होतात.

शेतकरी, वनस्पतीप्रेमी आणि गावकरी अशा सगळ्यांसाठी सांगणे एकच निघते. कंद खणला की माळावरची वेल जाते, लागवडीची पुढची वर्षे जातात आणि घरात विष येते. कंद जमिनीत राहिला की दरवर्षी फूल येते, बी येते आणि जमेल तिथे चार पैसेही येतात. येत्या पावसाळ्यात बांध साफ करताना कळलावीची वेल दिसली, तर तेवढ्या हातभर जागेत तणनाशक फवारू नका आणि कुदळ घालू नका.